कागद आज कोणाच्या टेबलावर आहे?

घरातला कर्ता शेतकरी गेला की दिवसकार्य आटोपल्यावर त्याच्या बायकोला पहिली सरकारी पायरी चढावी लागते ती तलाठ्याची. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागल्याशिवाय तिच्या नावाने सोसायटीचे पीककर्ज उभे राहत नाही, जमिनीचे कुठलेच काम पुढे सरकत नाही. काम तसे नेहमीचेच, दरवर्षी गावोगावी होणारे. तरीही ‘वारस लागले का?’ हा प्रश्न महिनोन्‌महिने विचारला जातो. सरकारी कार्यालय नेमके कुठे अडते आणि ते सुधारायचे म्हणजे काय करायचे, हे समजून घ्यायला या एका अर्जाचा माग काढणे पुरेसे आहे.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र द्यायचे. तलाठी (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, लोक मात्र तलाठीच म्हणतात) गावात चौकशी करतो आणि गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत नोंद घेतो. मंडल अधिकारी ती तपासून वारस ठरवतो. मग गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे ही नोंद चावडीवर लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यायची. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, सहा-अ मध्ये जाते आणि सुनावणी लागते.

यातले हात लागून होणारे काम किती? कागद तपासणे, गावात दोन-चार जणांना विचारणे, नोंद लिहिणे, नोटीस काढणे, शेवटी पाहून सही करणे. सगळे मिळून काही तासांचे. पंधरा दिवस कायद्याने थांबायचे आहेत. त्यापलीकडचे जे आठवडे किंवा महिने जातात, त्या काळात कोणीही काम करत नसते. कागद पडून असतो.

सुधारणेच्या उत्साहात कात्री नेहमी चुकीच्या जागी लागते, म्हणून इथे जरा थांबतो. ‘पंधरा दिवस कशाला हवेत, आठवड्यात करा’ असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. पण हे पंधरा दिवस कोणासाठी आहेत? भावांनी अर्ज करताना सासरी गेलेल्या बहिणीचे नाव गाळले असेल, तर तिला कळावे आणि तिने हरकत घ्यावी यासाठी. मुलींचा हक्क कायद्याने मान्य असूनही वारसांच्या यादीतून त्यांची नावे गाळली जातात, हे गावात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्या बहिणीच्या वाटचे दिवस कापून आणलेला वेग मला मान्य नाही. हरकतीचे दिवस, सुनावणी, कारणांसह लेखी आदेश, हे प्रशासनाचे काम आहे. कागद पडून राहणे हे काम नाही. या दोन्ही गोष्टींना एकाच ‘दिरंगाई’ शब्दात गुंडाळले की सुधारणा फसते.

मग प्रश्न उरतो पडून राहण्याचा. तहसील कार्यालयात एखाद्या प्रकरणाचे काय झाले असे विचारले की ‘प्रक्रियेत आहे’ असे उत्तर मिळते. या उत्तरातून काहीच कळत नाही. कागद कोणाच्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेपासून आहे आणि कशासाठी थांबला आहे, या तीन गोष्टी कळल्या तरच काही कळले म्हणायचे. कार्यालयाचे व्यवस्थापन सुधारणे म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही दिवशी, कोणालाही मिनिटभरात देता येणे. बाकी रंगरंगोटी, नव्या खुर्च्या, कोपऱ्यातल्या कुंड्या हे सगळे छान आहे, पण नंतरचे.

गंमत अशी की ही उत्तरे देण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती प्रत्येक महसूल कर्मचाऱ्याला प्रशिक्षणात शिकवली जाते. टपाल आले की आवक नोंदवहीत क्रमांक आणि तारीख पडते. साहेब टपाल पाहतात, कोणत्या शाखेकडे जायचे ते लिहितात. शाखेतला कारकून आपल्या कार्यविवरण नोंदवहीत त्याची नोंद घेतो: काय आले, कोणाकडून आले, त्यावर काय केले, केव्हा निकाली काढले. त्यानंतर तो टिपणी लिहितो. ती अव्वल कारकून पाहतो, मग नायब तहसीलदार, मग तहसीलदार. नोंदवही रोजच्या रोज भरली असेल तर कागद हरवूच शकत नाही.

तिच्या जोडीला सहा गठ्ठा पद्धत. कारकुनाच्या टेबलावरचा आणि कपाटातला प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात असला पाहिजे. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यांवर मला स्वतःला आज काहीतरी करायचे आहे. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा: मी माझे काम केले आहे, दुसऱ्या कार्यालयाकडून किंवा अर्जदाराकडून माहिती यायची आहे. तिसरा नियतकालिकांचा, म्हणजे ठरावीक तारखेला वर पाठवायच्या अहवालांचा. चौथा स्थायी आदेशांचा, ज्यात त्या विषयावरचे शासन निर्णय आणि परिपत्रके असतात. पाचवा निकाली निघालेल्या आणि अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा. सहावा नष्ट करायच्या कागदांचा.

बाहेरून पाहणाऱ्याला ही नुसती कपाट लावण्याची रीत वाटेल, पण प्रत्येक गठ्ठा एकेक आजार रोखतो. चौथा गठ्ठा नसला की कारकून शासन निर्णय शोधत बसतो किंवा शेजारच्या तालुक्यात फोन करतो, आणि तिथे जुना निर्णय हाती लागला तर चुकीची टिपणी लिहितो. पाचवा आणि सहावा वेळच्या वेळी हलले नाहीत की कपाट भरते, कपाट भरले की कागद जमिनीवर येतात आणि जमिनीवर आलेला कागद पुन्हा सापडण्याचा भरवसा नसतो. निकाली प्रकरणांची अ, ब, क, क-१ आणि ड अशी वर्गवारी करायची असते. अ कायम ठेवायचे, ड वर्षभराने नष्ट करायचे, मधल्यांची मुदत ठरलेली. ही वर्गवारी कंटाळवाणी असल्यामुळे तुंबते. पण जुने दप्तर तुंबले की नव्या कामाला जागाच राहत नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा फेरफार मागणाऱ्या माणसाला ‘सापडत नाही’ हे उत्तर मिळते.

सगळ्यांत फसवा गठ्ठा मात्र दुसरा. प्रतीक्षाधीन. कागद एकदा तिथे गेला की कारकुनाच्या मनावरचे ओझे उतरते. भूमी अभिलेखला पत्र पाठवले आहे, उत्तर आले की बघू. उत्तर येत नाही. स्मरणपत्र जात नाही. तिकडे भूमी अभिलेखच्या कार्यालयात ते पत्र त्यांच्या प्रलंबित गठ्ठ्यात आहे की ते कोणी नोंदवलेच नाही, हे इकडे कोणाला ठाऊक नसते. दोन्ही कार्यालयांच्या हिशेबी आपण निर्दोष, आणि अर्जदार मधल्या मध्ये. म्हणून चांगला अधिकारी तपासणीला बसतो तेव्हा पहिला गठ्ठा नंतर आणि दुसरा आधी उघडतो. प्रत्येक प्रकरणावर तो एकच विचारतो: शेवटचे स्मरणपत्र कोणत्या तारखेला गेले? मग तिथल्या तिथे समोरच्या कार्यालयाच्या प्रमुखाला फोन लावतो. अशी एक दुपार कारकुनाच्या वीस स्मरणपत्रांहून जास्त कागद हलवते, कारण दोन कार्यालयांच्या मधल्या जागेत हुकूम चालतो तो फक्त बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाचा.

या पद्धतीचा प्राण म्हणजे साप्ताहिक गोषवारा. मागील शिल्लक किती, या आठवड्यात आले किती, निकाली किती, आता शिल्लक किती आणि त्या शिल्लकेत किती दिवसांपासूनची किती. शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा. शंभरातली नव्वद प्रकरणे या आठवड्याची असतील तर कार्यालय ठणठणीत आहे. शंभरातली चाळीस सहा महिन्यांपूर्वीची असतील तर तिथे कोणीतरी सोपे कागद वरचेवर काढते आहे आणि अवघड कागद तळाशी ढकलते आहे. नुसती एकूण शिल्लक पाहणाऱ्या साहेबाला हा फरक कधीच दिसत नाही.

आता त्रुटी. अर्जात एखादा कागद कमी असला की कार्यालय त्रुटी काढते, आणि ते योग्यच आहे. पण त्रुटी हप्त्याहप्त्याने काढली जाते तिथे माणूस मोडतो. पहिल्या खेपेस शिधापत्रिका आणा. ती आणली की प्रतिज्ञापत्र जुन्या नमुन्यात आहे. ते बदलले की मृत्यूच्या दाखल्यातले नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही. तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी दिसत होत्या. प्रत्येक खेपेला रोजंदारी बुडते, एसटीचे भाडे जाते, आणि तिसऱ्या खेपेला बाहेरच्या टपरीवरचा एजंट ‘मी करून देतो’ म्हणतो. एजंटचा धंदा बहुतांशी याच फटीत उभा राहतो. उपाय अगदी सरळ आहे. अर्ज स्वीकारताना छापील तपासयादीवर खुणा करायच्या, सगळ्या त्रुटी एकदम लेखी द्यायच्या, आणि नंतर नवी त्रुटी काढायची असेल तर ती वरच्या अधिकाऱ्याच्या सहीशिवाय निघणार नाही असा नियम करायचा. याला ना निधी लागतो, ना संगणक.

हे सगळे कुठे प्रत्यक्ष झाले आहे का? झाले आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपले कार्यालय आतून बदलले. कर्मचाऱ्यांची बैठक बदलली, येणाऱ्या माणसाला एकाच ठिकाणी उत्तर मिळेल अशी सोय केली, प्रत्येक टेबलाचे काम लिहून काढले, दप्तर लावून घेतले. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने तो राज्यभर गेला आणि देशातही त्याची चर्चा झाली. पुढे २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम घेतली. आधी जुने दप्तर निवडून, वर्गवारी करून मोकळे करायचे, मग सगळ्या प्रलंबित कागदांची यादी करायची, ती संपवायची आणि त्यानंतर रोजचे काम रोज. दोघांनीही कुठली नवी विद्या आणली नाही. नियमपुस्तिकेत जे आधीपासून होते ते त्यांनी खरोखर करून घेतले, आणि ते होते की नाही हे स्वतः जाऊन पाहिले.

मात्र पॅटर्न आणि मोहिमा अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जातात, आणि त्यांचे दुखणेही त्यातच आहे. साहेब बदलले की गोषवारा मागणारे कोणी राहत नाही. चार आठवडे तो कोणी मागितला नाही की पाचव्या आठवड्यात तो तयार होत नाही. वर्षभरात कपाट पुन्हा भरते. चांगली पद्धत एका माणसाच्या जिद्दीवर उभी राहू नये, तिला कायद्याचा आधार मिळावा, यासाठी राज्यात दोन कायदे झाले. दोन्ही नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला २००५ चा. त्याचे नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम. अण्णा हजारे यांनी त्यासाठी मोठा लढा दिला होता. नावातच दोन रोग एकत्र बांधले आहेत, आणि ते बरोबर आहे, कारण बदलीचा खेळ आणि कामाचा विलंब हे एकमेकांना पोसतात. कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत करायच्या असे सांगितले. मुदतीआधी बदली करायची तर कारण लिहून ठेवावे लागते. दुसऱ्या भागात कागदाचा हिशेब आहे. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, असेल तर तीन महिन्यांत. निर्णयासाठी फाइल साधारणपणे तीनपेक्षा जास्त पायऱ्या चढू नये. मुद्दाम केलेल्या विलंबाला शिस्तभंगाची कारवाई. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ म्हणणाऱ्या आपल्या राज्यात कायद्यातली सगळ्यांत लांब मुदत तीन महिन्यांची आहे, हे फार थोड्या अर्जदारांना माहीत असते.

या कायद्याची कमजोरी अशी की विलंबाची दखल घ्यायची कोणी, तर त्याच खात्यातल्या वरिष्ठाने. अर्जदाराच्या हाती थेट काही नाही. प्रत्येक कार्यालयाने नागरिकांची सनद लावावी हेही याच कायद्यात आहे. ती भिंतीवर रंगवलेली दिसते, पण सनदेतली मुदत उलटली तर पुढे काय, हे त्या भिंतीवर नसते.

ही उणीव २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने भरून काढली. मध्य प्रदेशने २०१० मध्ये असा कायदा देशात पहिल्यांदा केला होता. आपला कायदा २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. त्याची रचना अशी: प्रत्येक खात्याने आपल्या सेवा अधिसूचित करायच्या, प्रत्येक सेवेला दिवसांची मुदत द्यायची, ती कोण देणार त्या पदनिर्देशित अधिकाऱ्याचे पद जाहीर करायचे आणि त्याच्या वरचे पहिले व दुसरे अपील अधिकारीही सांगायचे. अर्ज दिल्यावर क्रमांक आणि तारखेसह पोच मिळाली पाहिजे. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला गेला तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते. तिथेही न्याय मिळाला नाही तर दुसरे अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. पुरेसे कारण नसताना सेवा अडवली असे ठरले तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. रक्कम छोटी वाटेल. पण हा दंड अधिकाऱ्याने स्वतः सोसायचा असतो, आणि ज्याच्या नावावर तो लागतो त्याला ५०० रुपयेही बोचतात.

या कायद्याचा सगळा डोलारा पोचपावतीवर उभा आहे. घड्याळ तिथून चालू होते. म्हणून त्याला बगल द्यायची वाटही तिथूनच जाते: अर्ज घ्यायचाच नाही. ‘आज सर्व्हर डाऊन आहे’, ‘साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या’, ‘आधी हा कागद आणा, मग अर्ज भरू’. नोंदच नाही तर मुदत नाही, मुदत नाही तर अपील नाही. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अर्ज करता येतो, वारस नोंदीसाठी ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही, आणि या वाटेने गेलेल्या अर्जाचा क्रमांक आपोआप पडतो. ऑनलाइनचा मला दिसणारा सगळ्यांत मोठा फायदा हाच आहे. कागद वाचतो, फेरी वाचते, हे खरेच, पण तारखेचा पुरावा अर्जदाराच्या हाती येतो ही त्याहून मोठी गोष्ट.

ई-ऑफिस या संगणकीय फाइल प्रणालीमुळे फाइल कोणाच्या लॉगिनमध्ये किती दिवस आहे हे पडद्यावर दिसते. कार्यविवरण नोंदवही जे काम हाताने करत होती ते यंत्र करते आणि ते खोटे लिहीत नाही. तरीही पाहणारा डोळा लागतोच. पडद्यावर एखादी फाइल साठ दिवस लाल दिसत राहिली आणि कोणी विचारलेच नाही, तर लाल रंगाचीही सवय होते.

आकड्यांची दुसरी लबाडीही ओळखून असावे. निकाली संख्येवर शाबासकी मिळायला लागली की कागद ‘योग्य कार्यवाहीसाठी’ दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवून निकाली दाखवले जातात, किंवा किरकोळ त्रुटी काढून अर्ज सरसकट फेटाळले जातात. शिल्लक शून्य होते आणि दारातली गर्दी तशीच राहते. यावर दप्तर तपासणीच हवी. निकाली गठ्ठ्यातून मनाला येतील ती दहा प्रकरणे काढायची आणि अर्जदाराला फोन करून विचारायचे, तुमचे काम झाले का? राज्य शासनाने २०२५ च्या सुरुवातीला शंभर दिवसांचा कार्यालय सुधारणा कार्यक्रम घेतला, त्यात संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, क्षेत्रीय भेटी अशा मुद्द्यांवर कार्यालयांना गुण दिले गेले, आणि मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून झाले ही त्यातली जमेची बाजू. अशा गुणांकनात अर्जदाराला केलेल्या त्या दहा फोनांना मोठे वजन मिळाले पाहिजे.

कर्मचाऱ्याची बाजूही मांडली पाहिजे. रिक्त पदांमुळे एकेका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन सजांचा (एकेका तलाठ्याला नेमून दिलेल्या गावांच्या गटांचा) भार असतो. त्याच माणसाला निवडणुकीचे काम, अतिवृष्टीचे पंचनामे आणि वर्षभर येणारी सर्वेक्षणे करायची असतात. सहा गठ्ठे लावल्याने माणसे वाढत नाहीत. पण साप्ताहिक गोषवारा खरा असेल तर त्याच्याच आधारे पद भरण्याची मागणी रेटता येते: इतके अर्ज येतात, एका माणसाकडून इतके होतात, इतके उरतात. हिशेब नसेल तर ‘माणसे कमी आहेत’ ही प्रत्येक कार्यालयाची नेहमीची तक्रार ठरते आणि ती कोणी ऐकत नाही.

आता दोन गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत, आणि त्यांसाठी नवा कायदा लागत नाही. एक, अधिकारी बदलून जाताना कार्यभार सोपवतो तेव्हा कार्यभाराच्या यादीला प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांचा तारीखवार तक्ता जोडलेला असावा आणि त्यावर जाणाऱ्याची व येणाऱ्याची, दोघांची सही असावी. म्हणजे येणाऱ्याला पहिल्या आठवड्यापासून गोषवारा मागावा लागेल, कारण त्याची सुरुवातीची शिल्लक लेखी ठरलेली असेल. दोन, हाच तक्ता दर सोमवारी कार्यालयाच्या दाराशी लावावा: अर्ज क्रमांक, कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून, कशासाठी. अर्जदाराचे नाव लिहायची गरज नाही, त्याला आपला क्रमांक ठाऊक असतो.